बोटीवर पिल्लू आणू का?

प्रश्न: आम्ही दोघं वर्षभर सेलबोटवरच राहतोय, बोट गेटवेसमोर नांगरलेली असते. परवा ससून डॉकला मासळी घ्यायला गेले तर मांजराचं एक पिल्लू मागेच लागलं, दीडेक महिन्याचं असेल. हे म्हणतात पाण्यात पडेल. आणू का? – एक वाचक, कुलाबा

उत्तर: आणा हो ताई, पण तुमच्या ह्यांचंही चुकत नाहीये, आज ना उद्या ते पडणारच. मांजराला पोहता येतं, पण वर चढता येत नाही ना, फायबरच्या गुळगुळीत बाजूवर नखं कुठे लागणार? म्हणून मागच्या बाजूने जाड काथ्याचा दोर नाहीतर जुना टॉवेल पाण्यापर्यंत कायम सोडून ठेवा, रेलिंगला बारीक जाळी बांधा आणि रात्री किंवा शीड उभारलेलं असताना त्याला खाली केबिनमध्येच ठेवा.

आधी डॉक्टरकडे न्या. जंताचं औषध, 8 आठवड्यांनंतर पहिली लस, रेबीजची लस पिल्लू 3 महिन्यांचं झाल्यावर. खारवलेली सुकट अजिबात नको, गोडं पाणी मात्र सतत भरलेलं हवं.

आणि दोरे! आमच्या मढच्या मावशीच्या मांजरीने गळाचा नायलॉन दोरा गिळला, टोक तोंडातून लोंबत होतं, मावशी ओढायला निघाली होती, बरं झालं नाही ओढलं, आतडं कापलं गेलं असतं, शेवटी ऑपरेशनच करावं लागलं. शीसाठी वाळू नको, सगळ्या बोटीवर पसरते, लाकडाच्या भुशाच्या गोळ्या (पेलेट) आणा. पावसाळ्यात बोट बाहेर काढाल तेव्हा पिल्लू कुठे राहणार, तेवढं आत्ताच बघून ठेवा.