नवी फाइल उघडली की जुनीच नोटीस!

प्रश्न : तासगाव तालुक्यातल्या आमच्या पाणी वापर संस्थेचा पत्रव्यवहार मी पाहतो. वय सत्तरीपुढचं, कॉम्प्युटर नातवाचा. वर्डमध्ये नवीन पान घेतलं की कोऱ्या पानाऐवजी गेल्या उन्हाळी आवर्तनाची पाणीपट्टीची नोटीस येते, तारखेसकट! पुसून लिहितो, सेव्ह करतो. पुढच्या वेळी ती पुन्हा हजर. 'कायमची सोय करतो' म्हणून पुतण्याने काहीतरी केलं होतं. तो आता पुण्याला. दुकानदाराने वर्ड काढून परत टाकलं, तरी तेच. दुरुस्ती करताना जुनी पत्रं जातील का?

उत्तर : काका, जुन्या पत्रांना धक्का लागणार नाही, निर्धास्त राहा. दुकानदाराला पैसे मात्र उगाच गेले. बिघाड वर्डमध्ये नाहीच, तो 'नॉर्मल' नावाच्या एका फाइलमध्ये आहे. प्रत्येक कोरं पान वर्ड त्या फाइलवरून काढतं. पुतण्याने तीच उघडून तिच्यात नोटीस सेव्ह केली असणार. लेटरपॅडवरच मजकूर छापून आला तर प्रत्येक पानावर तो दिसणारच, तसं झालंय. ही फाइल विंडोजमधल्या तुमच्या खात्यात राहते, म्हणून वर्ड काढलं तरी ती जागेवरच.

आता वर्ड पूर्ण बंद करा. ते चालू राहिलं तर सगळी मेहनत वाया. विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा. येणाऱ्या चौकटीत टक्क्याची खूण, लगेच इंग्रजीत अ‍ॅपडेटा, परत टक्क्याची खूण, मध्ये जागा न सोडता टाइप करून एंटर. मग मायक्रोसॉफ्ट, त्यात टेम्प्लेट्स. तिथे 'नॉर्मल' दिसेल. ती डिलीट करू नका, उजवं क्लिक करून रीनेम घ्या आणि नाव 'जुनी नोटीस' द्या. नावाच्या शेवटी टिंब आणि 'डॉटएम' दिसत असेल तर तेवढं तसंच ठेवा. वर्ड उघडलं की नवी नॉर्मल आपोआप तयार होते. पुतण्याने शॉर्टकट किंवा मॅक्रो (नेहमीची कामं एका झटक्यात करणाऱ्या साठवलेल्या सूचना) करून दिले असतील तर तेही जुन्या फाइलमध्येच राहिलेत, म्हणून ती जपून ठेवायची.

नव्या पानावर मराठी अक्षर बारीक वाटलं तर कंट्रोल आणि डी दाबा. तिथे इंग्रजीचा रकाना वेगळा, 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स'चा वेगळा. मराठीचा फॉन्ट आणि आकार या दुसऱ्यात. माझ्या टायपिंग क्लासला सांगलीभरातून मुलं येतात, तीही वरच्याच रकान्यात आकडे बदलत बसतात आणि मग कीबोर्डला नावं ठेवतात. बदल झाला की 'सेट अ‍ॅज डीफॉल्ट' दाबा. फक्त या पानापुरतं की सगळ्यांसाठी, असं विचारेल, सगळ्यांसाठी म्हणा.

नोटिशीचा नमुना तर तुम्हाला हवाच आहे. 'जुनी नोटीस'वर डबल क्लिक करा, तिची प्रत उघडेल. तारीख, दर, थकबाकीदाराचं नाव पुसून जागा मोकळी सोडा. मग सेव्ह अ‍ॅजमध्ये प्रकार 'वर्ड टेम्प्लेट' निवडा आणि नाव 'पाणीपट्टी नोटीस' ठेवा. वर्ड २०१३ किंवा नंतरचं असेल तर फाइल, न्यू, पर्सनल इथे ती सापडेल. गरज पडेल तेव्हा तिथून घ्या, साधं पत्र लिहायचं तर ब्लँक डॉक्युमेंट.