धुतलेल्या पिशव्या आणि अर्धी गोळी

घरातल्या माणसाच्या काटकसरीची लाज वाटते, असं सरळ सांगत समुपदेशनासाठी माझ्याकडे सहसा कोणी येत नाही. सुरुवात झोप लागत नाही, चिडचिड होते, घरात पटत नाही अशी होते. मग दोन-तीन भेटींनी हळूच बाहेर येतं की बाबा हॉटेलातून निघताना टिश्यू आणि सॉसच्या पुड्या खिशात घालतात. सासूबाई टूथपेस्टची ट्यूब कात्रीने उभी चिरतात. नवरा भेटवस्तूचा कागद चिकटपट्टी न फाडता सोडवतो, इस्त्री करतो आणि पुढच्या लग्नाला वापरतो. एवढं सांगून झालं की लगेच, "मॅडम, तुम्ही हसाल." मी हसतेही कधीकधी. आमच्याही घरी दुधाची पिशवी विसळलेलं पाणी चहातच जातं.

आपल्या नागपुरात या यादीला उन्हाळी पुरवणी असते ती कुलरची. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो आणि रात्री दोन वाजता घरातलं कोणीतरी मोठं माणूस उठून "झालं ना आता गार" म्हणत बटण बंद करतं. या बटणावरून झालेली भांडणं मी इतकी ऐकली आहेत की एप्रिल लागला की त्यांची वाटच पाहते.

मृणालची गोष्ट मात्र डिसेंबरातली. नाव बदललंय, तिच्या संमतीने काही तपशीलही. वय अठ्ठावीस, मिहानमधल्या कंपनीत नोकरी, मानेवाड्याला दोन खोल्यांचा फ्लॅट, त्यात ती आणि आई. वडील काही वर्षांपूर्वी गेले. तिचं साक्षगंध झालं, जेवणं आटोपली आणि मुलाची आई निरोप घ्यायला आली. त्या वेळी मृणालची आई वाढप्याजवळ उभी राहून झिपच्या पिशव्यांमध्ये पाकासकट गुलाबजाम भरत होती. पिशव्या घरून आणलेल्या, धुतलेल्या. धुतलेल्या हे कळत होतं, कारण एकीवर मार्करने लिहिलेलं 'मटार, जानेवारी' अजून पुसलं गेलं नव्हतं.

मुलाची आई काही बोलली नाही, नुसती हसली. त्या हसण्याने मृणालची झोप गेली.

"हसली म्हणजे कशी हसली?" मी विचारलं. तिला सांगता येईना. तुच्छतेने? गमतीने? की आपल्यालाही दोन मिळाले तर बरं, अशी? पुढे लग्नापर्यंत आणि लग्नानंतरही ते हसू नेमकं कसलं होतं ते कोणालाच कळलं नाही. पण त्या एका हसण्यावर मृणालने पुढचं अख्खं सासर रचून टाकलं होतं. ते आपल्याला काय समजतील, आईला किती बोलावतील, भांडण झालं तर कोणता शब्द काढतील. घरी येऊन ती आईला म्हणाली होती, "काऊन असं करतेस तू? भिकाऱ्यासारखं." त्यानंतर आठवडाभर दोघींमध्ये कामापुरतंच बोलणं होतं.

मी आईंना भेटायचं ठरवलं. त्या सीताबर्डीच्या मेट्रो स्टेशनपासून माझ्या खोलीपर्यंत चालत आल्या, शेअर ऑटो समोरून जात असताना. बसल्या बसल्या पहिला प्रश्न: "दोघींची मिळून फी एकच ना जी?"

अशा माणसाला 'तुम्ही हे का करता' असं विचारलं की तो वकिली सुरू करतो. म्हणून मी एकेक सवय घेऊन ती करताना कसं वाटतं एवढंच विचारत गेले.

"पिशवी धुता तेव्हा?"

"बरं वाटते. वस्तू पुरवली की बरं वाटते."

"कॉटन मार्केटला संध्याकाळी उशिरा जाऊन भाजी आणता तेव्हा?"

"मजा येते मॅडम. भाव पाडून आणली की ती भाजीही चांगली लागते."

"आणि रात्री कुलर चालू असतो तेव्हा?"

इथे त्या थांबल्या. "झोप नाही येत. मीटर फिरून राहिलं असं वाटते."

मला हवा होता तो धागा इथे सापडला. स्कॉट रिक, सिंथिया क्रायडर आणि जॉर्ज लोवेनस्टाइन या अमेरिकी संशोधकांनी २००८ साली पैसे देताना होणाऱ्या वेदनेवर एक अभ्यास प्रसिद्ध केला. काही माणसांना ही वेदना इतकी तीव्र होते की जिथे खर्च करावा असं त्यांनाच वाटतं तिथेही त्यांचा हात अडतो. वाचवण्यात आनंद मिळणं ही याहून निराळी गोष्ट आहे. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं, आणि एकाच माणसात दोन्ही असू शकतं. मृणालच्या आईला पिशव्यांमध्ये आनंद होता, कुलरमध्ये भीती. मुलीला लाज वाटत होती ती बहुतेक आनंदवाल्या सवयींची.

भीती कुठून आली ते त्यांनी न विचारता सांगितलं. १८७७ मध्ये जमशेटजी टाटांनी एम्प्रेस मिल सुरू केली तेव्हापासून या शहरातली कितीतरी घरं मिलच्या पगारावर चालली. यांचंही त्यातलंच एक. मृणालच्या वडिलांचं काम सुटलं तेव्हा ती लहान होती. आई डबे करून द्यायला लागल्या, तरी महिना जोडला जात नव्हता. किराणा उधारीवर. एक दिवस त्या साबण घ्यायला गेल्या तर दुकानदाराने वही काढली आणि चार गिऱ्हाइकांदेखत आकडा वाचून दाखवला.

"किती होता?"

"तेराशे चाळीस." विचार करायला एक क्षणही लागला नाही. "पोट्टी बाजूलाच उभी होती. तिला नसेल आठवत."

मृणालला खरंच आठवत नव्हतं. आईने लाज उधारीत भोगली होती, म्हणून पै-पै राखणं हे तिच्या लेखी मान राखणंच होतं. मुलीच्या जगात मान जायचा तो नेमका पै-पै राखताना कोणी पाहिलं तर. दोघी लाजेपासूनच पळत होत्या, पण उलट्या दिशांना. 'आता पैसे आहेत, आता सोड ना' हे वाक्य अशा वेळी कामाला येत नाही. ते ऐकणाऱ्याला एवढंच कळतं की आपण कशातून गेलो ते हिला ठाऊकच नाही.

लोक सांगतात त्या हास्यास्पद सवयींच्या मागे एखादी न हसण्यासारखी सवय आहे का, हे मी नेहमी शोधते. विचारते, "घरात कोणालाच माहीत नाही अशी एखादी बचत?" आई जरा घुटमळल्या. मग म्हणाल्या, "बीपीची गोळी अर्धी करते. कधी एक दिवस सोडून घेते. चक्कर-बिक्कर काही नाही येत, मग रोज कशाला?"

पिशव्यांचा विषय मी तिथेच बाजूला ठेवला. रक्तदाब वाढलेला असताना बहुतेकांना काहीच जाणवत नाही, म्हणून 'बरं वाटतंय' यावरून गोळी कमी करता येत नाही. पक्षाघात, हृदय आणि मूत्रपिंडं यांचा धोका आत वाढत राहतो. मी डॉक्टर नाही, त्यामुळे त्याच आठवड्यात त्यांना त्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. बीपी अर्थातच चढलेलं होतं. डॉक्टरांनी पूर्ण डोस सुरू केला आणि औषधाचं मूळ नाव लिहून दिलं, म्हणजे जनऔषधी केंद्रातून घेता येईल. तिथे बरीचशी औषधं ब्रँडेडच्या निम्म्याहून कमी किमतीत मिळतात. आणि आता गंमत ऐका. पिशव्या धुऊन वापरणाऱ्या या बाई म्हणाल्या, "इतकी स्वस्त गोळी? असर करते का?" डॉक्टरांनी दोनदा सांगितलं तेव्हा पटलं.

वाचणाऱ्यांपैकी कोणाला आईवडिलांच्या काटकसरीची लाज वाटत असेल तर माझं म्हणणं असं आहे की लाजेची यादी थोडा वेळ ठेवून द्या आणि वेगळी यादी करा. चष्म्याचा नंबर कधी तपासला? दात दुखतोय आणि एकाच बाजूने चावणं चाललंय का? सत्तरीच्या पुढचं माणूस भर उन्हाळ्यात बंद खोलीत नुसत्या पंख्याखाली झोपतंय का? तळणाचं तेच तेल पुन्हा पुन्हा तापतंय का? लोक पाहतात म्हणून बोचणाऱ्या सवयी आणि शरीराला भोवणाऱ्या सवयी बऱ्याचदा वेगळ्या असतात, आणि आपण भांडत बसतो पहिल्यांवरून.

कुलरचा हिशेब आम्ही कागदावर केला. आईंनी वीजबिलांची फाईल आणली होती, तारखेप्रमाणे लावलेली. नऊ वॅटचा एलईडी दिवा रोज दहा तास जळला तरी महिन्याचे तीन युनिटही होत नाहीत. म्हणजे संध्याकाळभर अंधारात बसून त्या फारच थोडं वाचवत होत्या. कुलर दोनशे वॅटचा धरला तर रात्रीच्या आठ तासांचा दीड युनिटाच्या आसपास, आणि तोही उन्हाळ्याचे दोन-तीन महिने. त्यांची खरी धास्ती वेगळीच निघाली. 'शंभराच्या वर गेलं की सगळंच बिल डबल लागते.' हा गैरसमज मी सुशिक्षित घरांतही ऐकते. १०१ ते ३०० युनिटांचा दर पहिल्या शंभराच्या जवळपास दुप्पट आहे हे खरं, पण तो शंभराच्या वरच्या युनिटांनाच लागतो. त्यांनी स्वतः बिल काढून, बोट ठेवून, गुणाकार करून पाहिला. माझ्या शब्दावर विश्वास ठेवला नाही, ते मला आवडलं.

मृणालशीही एक बोलणं झालं. लग्नाचा लेहेंगा आणि हॉलचा आगाऊ पैसा तिने क्रेडिट कार्डावर टाकला होता आणि महिन्याला 'किमान देय' तेवढं भरत होती. उरलेल्या रकमेवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज चढत होतं. हे आईला माहीत नव्हतं. तिची लाज वाटते म्हणणाऱ्या मुलीने तिला सगळ्यांत जास्त ज्याची भीती तेच घरात आणून ठेवलं होतं. मी ते तिला एवढ्या कडक शब्दांत सांगितलं नाही. आधी ते कार्ड फेडायचं, त्यासाठी लग्नातल्या दोन गोष्टी कमी करायच्या, एवढं तिने ठरवलं. आईला सांगायचं की नाही हा तिचा प्रश्न आहे.

काटकसर आजार कधी होते, हेही बरेच जण विचारतात. स्वतःवर आणि इतरांवर खर्च करणं जवळपास अशक्य होणं, पैसा फक्त पुढच्या संकटासाठी साठवायचा असतो असं वाटणं, हे काही वेळा ताठर, नियमबद्ध व्यक्तिमत्त्वाच्या विकाराचं एक लक्षण असतं. वस्तू टाकवतच नाहीत, खोलीत पाय ठेवायला जागा उरत नाही, हा साठवणुकीचा विकार २०१३ पासून मानसोपचारात वेगळा धरला जातो. आणि आयुष्यभर सढळ हाताने जगलेलं म्हातारं माणूस अचानक 'आपण भिकेला लागलो' म्हणायला लागलं तर नैराश्य किंवा स्मृतिभ्रंशाची शक्यता तपासायलाच हवी. तिथे समजावत बसू नका, मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. मृणालच्या आईत यातलं काही नव्हतं.

दोघींमध्ये शेवटी तह झाला. पाहुण्यांसमोर आईला टोकायचं नाही. नंतर, एकटीत, 'मला अवघडल्यासारखं झालं' एवढंच म्हणायचं, 'भिकारी' हा शब्द कायमचा बंद. पिशव्या समोरच्या गॅलरीऐवजी मागच्या दोरीवर वाळतील. लग्नात उरलेलं अन्न डब्यांत भरून देण्याचं मृणालने केटररशी आधीच ठरवलं, म्हणजे आईला पर्स उघडावी लागली नाही. गोळी रोज सकाळी, मृणाल फोन करून विचारणार. हॉटेलातल्या साखरेच्या पुड्यांवर मात्र तडजोड झाली नाही. "टेबलावर ठेवलेल्या असतात, आपल्या बिलात धरलेल्याच असतात," असं आईंचं म्हणणं आहे, आणि माझ्याकडे त्यावर उत्तर नाही.