अशोक कुठला, ब्राह्मी कुठली?

आपल्या बडोद्यात एकाच झाडाला दांडिया बाजारात एक नाव, मांडवीच्या गांधियाणाच्या (जडीबुटीच्या) दुकानात दुसरं आणि नर्सरीत तिसरंच. पत्रांत पुन्हा तोच घोळ आला आहे, म्हणून एकत्रच उत्तरं देते.

प्रश्न : शास्त्रीय नावाच्या शेवटी 'एल.' का लिहितात?

लिनियसचं आद्याक्षर. नाव कोणी दिलं, त्याची खूण.

प्रश्न : मुलीच्या पुस्तकात बाभूळ म्हणजे 'अकेशिया निलोटिका', इंटरनेटवर 'वाशेलिया'. खरं काय?

आता वाशेलिया. अकेशिया ही अवाढव्य प्रजाती फोडावी लागली. २००५ साली व्हिएन्नाच्या वनस्पतिशास्त्र परिषदेत ते नाव ऑस्ट्रेलियातल्या झाडांकडे गेलं, २०११ मध्ये मेलबर्नला त्यावर शिक्कामोर्तब झालं. गंमत म्हणजे अकेशियाची नमुना-जाती, म्हणजे प्रजातीचं नाव जिला बांधलेलं असतं ती जाती, मुळात आपली बाभूळच होती! परीक्षेत काय चालेल ते मात्र बाईंना विचारा.

प्रश्न : सोसायटीत अशोकाची झाडं आहेत. पाळीच्या त्रासावर त्यांची साल उकळून किती घ्यावी?

अजिबात घेऊ नका. ती सरळसोट झाडं म्हणजे आसोपालव, मोनून लाँगिफोलियम, सीताफळाच्या कुळातलं. गुजराती शेजाऱ्यांनी त्याला वेगळं नाव ठेवलंय. आपण मराठी मंडळी त्यालाच अशोक म्हणत बसलोय. औषधातला अशोक म्हणजे साराका असोका, चिंचेच्या कुळातला.

दारावरच्या आसोपालवाच्या तोरणाचं पान बघा : एकटं, लांब, कडेला लाटा. खऱ्या अशोकाला एकाच देठावर पर्णिकांच्या जोड्या असतात, कोवळी पालवी तांबूस होऊन खाली लोंबते, फुलांचे केशरी-लाल झुबके जुन्या फांद्यांवरच येतात. हिरवट चांदण्यांसारखी फुलं दिसली की समजा, आसोपालव.

पण साल सुकून तुकडे झाले की नुसत्या डोळ्यांना भेद कळणं कठीण, आणि व्यापारी नेमका त्याचाच फायदा घेतात. खरा अशोक रानात दुर्मीळ होत चाललाय, आसोपालव रस्तोरस्ती उभा. भेसळ कशाची होणार ते सांगायला नको. पुडीवर नुसतं 'अशोक छाल' असेल तर लॅटिन नाव विचारा. 'सगळं एकच असतं हो' असं उत्तर आलं की पुडी परत करा.

आणि रक्तस्राव जास्त असेल तर साल कुठली हा प्रश्न नंतरचा. आधी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा, याच आठवड्यात. सल्ला देणाऱ्या शेजारणीला तपासता येत नाही.

प्रश्न : नर्सरीतली ब्राह्मी खरी का?

या नावाने दोन झाडं विकतात. बारीक, मांसल पानांची बॅकोपा मोनिएरी. गोलसर, कातरलेल्या पानांची सेंटेला एशियाटिका, म्हणजे मंडूकपर्णी. कुठली हवी ते वैद्यांना डहाळी दाखवून ठरवा.

प्रश्न : सरकारने प्रत्येक झाडाचं एकच मराठी नाव का ठरवू नये? सयाजीरावांनी कोश केलाच होता ना?

१९३१ चा 'सयाजी शासन शब्दकल्पतरू' कारभारासाठी होता. कचेरीत हुकमाने शब्द चालतो. खंडेराव मार्केटातली भाजीवाली हुकूम वाचत नाही. बोलीतली नावं सुखाने नांदू देत, लेबल आणि बिलावर मात्र लॅटिन नाव हवंच. झाड ओळखून घ्यायचं असेल तर फूल किंवा फळ असलेली फांदी वर्तमानपत्रात दाबून विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात न्या. एकाच पानाचा धूसर फोटो मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नका.