अक्कलदाढ आडवी आहे पण दुखत नाही, तरी काढावी का? घरचे म्हणतात दात काढला की डोळे जातात.

प्रश्नातलं शेवटचं वाक्य वाचलं आणि राहवेना, म्हणून लिहितेय. एरवी दातांच्या प्रश्नांकडे मी फिरकत नाही.

तुम्ही लिहिलंय की वय २४, खालची दाढ आडवी, डॉक्टर काढा म्हणतात, सध्या दुखत नाही, घरचे घाबरवतात, आणि ऑफिसात सुट्टी किती टाकू. सुट्टीचं शेवटी सांगते. आधी डोळ्यांचं.

आमच्याकडे अण्णा आहेत, माझे चुलत सासरे. ग्रामसेवक म्हणून रिटायर झाले, पण घरातल्या कुठल्याही निर्णयावर शेवटची सही आपलीच, अशी त्यांची अजून समजूत आहे. साठीला आल्यावर त्यांची वरची एक दाढ काढावी लागली. पार सडली होती, हिरडीतून पू येत होता. पुढे वर्षभरात त्यांना पेपरातली अक्षरं पुसट दिसायला लागली, रात्री समोरून येणाऱ्या गाडीचा दिवा फाकायला लागला. मोतीबिंदू होता. त्या वयात होतो तसाच. पण अण्णांच्या हिशेबात दाढ गेली म्हणून नजर गेली. कावळा बसायला आणि फांदी तुटायला! तेव्हापासून घरात कुणाचा दात ठणकला की अण्णा खालची पापणी बोटाने ओढून दाखवणार, "हे बघा काय झालं माझं."

माझी उजवीकडची खालची दाढ अशीच आडवी होती. अर्धी वर आलेली, अर्धी हिरडीखाली, पुढच्या दाढेला धडक देऊन थांबलेली. वर हिरडीचं एक झाकण राहिलेलं, त्याच्याखाली शेंगदाण्याचं कूट, शितं, जे असेल ते जाऊन बसायचं. ब्रश तिथवर पोचत नाही. मग मधूनमधून सुजायचं, कानापर्यंत ठणकायचं. मी म्हणायचे डॉक्टरकडे जाते. अण्णा म्हणायचे, "मेडिकलमधून गोळ्या आण." आमचे हे अण्णांच्या शब्दाबाहेर नाहीत. गोळ्या आल्या की सूज उतरायची आणि अण्णांचं म्हणणं खरं ठरायचं. "बरं वाटलं ना? मग काढायची कशाला?"

गोळीनं सूज उतरते, दाढ सरळ होत नाही. एवढं साधं वाक्य आमच्या घरात कुणाच्या गळी उतरवायला नणंदेचं लग्न उजाडावं लागलं.

हळदीच्या दिवशी सकाळी तोंड उघडेना. एक बोट कसंबसं आत जाई. गाल असा फुगलेला की फोटोग्राफर म्हणाला, "वहिनी, जरा डावीकडून घेऊ." पंगतीत सगळे जिलेबी खात होते आणि मी चमच्याने मठ्ठा आत ढकलत होते. अण्णांनी तव्यावर फडकं गरम करून शेकायला सांगितलं. कुणी लवंग, कुणी तुरटी. सासूबाईंनी मिश्रीची डबी पुढे केली. त्या स्वतः वर्षानुवर्षं मिश्री लावतात, त्यामुळे त्यांच्या दृष्टीने दातावर दुसरं औषधच नाही.

लग्न पार पडलं. त्या रात्री मला गिळताना दुखायला लागलं, ताप चढला आणि हनुवटीखाली हाताला घट्ट लागायला लागलं. सासूबाईंनी तिथे बोट लावून बघितलं आणि त्यांचा चेहराच बदलला. त्यांच्या माहेरी एक बाई अशीच दाढेची सूज मानेत उतरून, श्वास कोंडून गेली होती. सकाळी त्यांनी अण्णांना न विचारता माझी पिशवी भरली. "चल, मी येते."

हे दुखणं खरं आहे बरं का, म्हाताऱ्यांची गोष्ट नव्हे. लुडविग नावाच्या जर्मन डॉक्टरने १८३६ साली ते लिहून ठेवलं, म्हणून लुडविग्ज अँजायना म्हणतात. खालच्या दाढेचा पू जिभेखाली आणि जबड्याखाली पसरतो, जीभ वर उचलली जाते, श्वासाची वाट दाबली जाते. अँटिबायोटिक आल्यापासून माणसं वाचतात, पण वेळेत दवाखान्यात पोचली तर. माझं तिथवर गेलं नव्हतं. अजून एखादी रात्र शेकत बसले असते तर काय झालं असतं, कोण जाणे. बाहेरून शेक हा प्रकार तर बंदच करा. आत पू असताना गाल शेकणं म्हणजे त्याला वाट करून देणं.

पहिल्यांदा जवळच्याच एका दंतवैद्याकडे गेलो. त्याने टॉर्च मारला आणि म्हणाला, "बसा, ओढून काढतो." सासूबाईंची शाळा चौथीपर्यंतची. त्या म्हणाल्या, "फोटो न काढताच?" आणि उठल्या. तिथून थेट मिरज. आमच्या भागात दुखणं अवघड झालं की माणूस मिरजेलाच जातो. तिथल्या सर्जननी त्या दिवशी दाढेला हातही लावला नाही. झाकणाखालची घाण धुऊन काढली, औषधं दिली आणि सूज पूर्ण बसल्यावर या म्हणाले. सुजलेल्या जागी भूल नीट चढत नाही, हे मला तेव्हा कळलं. जाता जाता त्यांनी सासूबाईंचंही तोंड बघितलं. गालाच्या आत पांढरा चट्टा होता. मिश्री बंद करा म्हणून चांगलं खडसावलं. ती बंद झाली की नाही, तो वेगळा विषय आहे.

मग पूर्ण जबड्याचा एक्स-रे काढला, ज्याला ओपीजी म्हणतात. त्यात खालच्या जबड्यातून एक नळी जाताना दिसते. त्यातली नस ओठाला आणि हनुवटीला संवेदना देते, आणि खालच्या अक्कलदाढेची मुळं बरेचदा तिच्या अगदी जवळ असतात. माझी जवळच होती. डॉक्टरांनी पेनने दाखवलं आणि आधीच सांगितलं, ओठ काही दिवस बधिर राहू शकतो, क्वचित कायमचाही. नस आणि मुळं एकमेकांवर आलेली दिसली तर थ्रीडी स्कॅन करतात. तुम्हाला तुमच्या डॉक्टरांनी ही नळी दाखवली का? नसेल तर विचारा. या एका प्रश्नावरून डॉक्टर किती पाण्यात आहे ते कळतं.

प्रत्यक्ष काढताना दुखत नाही. सुईचं दुखतं तेवढंच. नंतर ओठ आणि अर्धी जीभ लाकडासारखी होते. पण दाब जाणवतो, आणि आवाज! हिरडी कापून, थोडं हाड तासून, दाढेचे ड्रिलने दोन तुकडे केले. "आता कट्ट वाजेल, घाबरू नका," म्हणाले आणि खरंच डोक्याच्या आत कट्ट झालं. शेजारची मुलगी एका हाताने गाल ओढून धरत होती, दुसऱ्या हातातली नळी पाणी आणि रक्त खेचत होती. पहिला तुकडा स्टीलच्या ट्रेमध्ये टणकन पडला तेव्हा मला वाटलं संपलं. मुळं अजून आत होती. ती निघायला जास्त वेळ लागला. मग टाके, वर गॉजचा बोळा, आणि तासभर घट्ट चावून धरायची ताकीद. यूट्यूबवर अमेरिकेतली पोरं गाडीत बसून बरळताना दिसतात ती भूल वेगळी. आपल्याकडे बहुतेक वेळा फक्त जागा बधिर करतात, शुद्ध पूर्ण असते.

घरी आले तर ओसरीवर अण्णा पेपर घेऊन बसलेले. तोंडात बोळा, गालावर बर्फ, आणि हा माणूस माझ्यासमोर पेपर धरून विचारतोय, "उजवा डोळा झाक. आता वाच." मी वाचलं. डावा झाकून वाचलं. बारीक अक्षरातली टेंडर नोटीससुद्धा वाचली, म्हणजे तोंडातल्या बोळ्यामुळे कुणाला काही कळलं नाही, पण बोट ठेवून दाखवलं. अण्णा म्हणाले, "लगेच नाही होत. वर्षभरानं बघ." बरीच वर्षं झाली. मी पतसंस्थेत कॅशला आहे, दिवसभर नोटांचे नंबर बघते. डोळ्यांना काही झालेलं नाही.

तुमच्या घरच्यांना हे सांगा. मेंदूतून येणाऱ्या नसांना नंबर असतात. दृष्टीची नस दुसरी, दातांची पाचवी. पाचवीला तीन फांद्या. एक कपाळ आणि डोळ्याभोवतीच्या कातडीची, दुसरी वरच्या जबड्याची, तिसरी खालच्या जबड्याची. यातली एकही बघण्याचं काम करत नाही. दाढेला भूल देताना क्वचित कुणाला थोडा वेळ दोन-दोन दिसतात, भूल उतरली की ते जातं.  उलट वरच्या सडक्या दाढेचा पू डोळ्याच्या खोबणीपर्यंत चढू शकतो, आणि तेव्हा खरंच नजर जाण्याची भीती असते. म्हणजे अण्णांच्या डोळ्याला जर दाढेमुळे काही व्हायचं असतं, तर ती तोंडात होती तोवर झालं असतं. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन आता ते लांबचं बिनचष्म्याचं बघतात, तरी दोष दाढेलाच. हे मी त्यांच्या तोंडावर बोलले आहे. नवरा अजून म्हणतो, "मोठ्या माणसाला असं बोलायचं नसतं." त्याच्या स्वतःच्या वरच्या दाढेला या बोटाएवढं भोक आहे.

आता तुमचं. दुखत नाही म्हणून ठेवावी का? पूर्ण हाडात गाडलेली असेल, भोवती गाठबिठ दिसत नसेल, पुढची दाढ धड असेल, तर बघत राहणं चूक नाही. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत तर २००० सालापासून नियमच आहे की त्रास नसलेली अक्कलदाढ उगाच काढायची नाही. त्यामुळे "चारही एकदम काढून टाकू, पॅकेज देतो" म्हणणाऱ्याला आधी कारण विचारा. पण अर्धी वर आलेली, आडवी आणि अन्न अडकणारी असेल तर काढा. ती एकटी सडत नाही, पुढची चांगली दाढ मागच्या बाजूने किडवते, आणि ते दुखायला लागेपर्यंत कळत नाही. चोविसाव्या वर्षी हाड त्यातल्या त्यात मऊ असतं, जखम लवकर भरते. माझं पस्तिशीत झालं, वेळ लागला. ओठाचा कोपरा काही आठवडे बधिर होता. उपासाची खिचडी खाताना साबुदाणा हनुवटीला चिकटून राहायचा आणि मला पत्ताच नसायचा. मुलगी सांगायची.

नंतरची पथ्यं डॉक्टर कागदावर देतात, तीच पाळा. फक्त पहिल्या दिवशी थुंकू नका, चूळ भरू नका, स्ट्रॉने काही ओढू नका. खड्ड्यात जमलेली रक्ताची गुठळी निघाली की हाड उघडं पडतं. तिसऱ्या दिवसाच्या सुमाराला दुखणं कमी व्हायचं सोडून अचानक वाढलं, कानापर्यंत गेलं, तोंडाला वास यायला लागला, तर समजा तेच झालंय. गोळ्या खात बसू नका, जाऊन औषधाची पट्टी भरून घ्या, लगेच उतार पडतो. सिगारेट ओढणाऱ्यांना हे जास्त होतं. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या बायकांनाही. भडंग, चिवडा, शेंगदाण्याची चटणी विसरा. दहीभात, नाचणीची पेज कोमट करून.

मी डॉक्टर नाही, हे आधीच लिहायला हवं होतं. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या, हाडं ठिसूळ होण्यावरची औषधं किंवा इंजेक्शनं, शुगर, दिवस गेलेले, यातलं काहीही असेल तर दाढेच्या डॉक्टरला आधी सांगा. आणि रक्त पातळ करायची गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका, ते जास्त धोक्याचं. खर्च झेपत नसेल तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालयं आहेत, मुंबईत महापालिकेचं नायरही आहे. रांग लागते, पण खासगीच्या मानाने अगदी थोडक्यात होतं. मेडिक्लेमवर विसंबू नका, दात बहुतेक पॉलिसीत बसत नाहीत.

सुट्टी. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असते, म्हणून शुक्रवारी करून घ्या आणि सोमवार-मंगळवार टाका. फोनवर बोलायचं काम असेल तर पूर्ण आठवडा. फक्त जागेची भूल असेल आणि डॉक्टर हो म्हणाले तर पोटभर जेवून जा. आमटी-भात खा. परत आल्यावर तिखट आमटी काही दिवस मिळणार नाही.