बाइक वाहायचा ट्रेलर बनवण्याआधी

भाऊ, लोखंड घ्यायला धावू नको. आधी ट्रेलर ओढणाऱ्या गाडीचं मॅन्युअल उघडून ती किती वजन ओढू शकते ते बघ. काही छोट्या गाड्यांना टोइंगची मुभाच नसते. मग आरटीओत विचार. मोटार वाहन कायदा, 1988 नुसार ट्रेलरही मोटार वाहनच, म्हणजे मंजुरी आणि नोंदणी आलीच. वेल्डर म्हणेल, 'काही होत नाही जी.' त्याचं काय जातं!

आता खरा मुद्दा, एक्सलची म्हणजे चाकांच्या आसाची जागा. नवखा माणूस तो बरोबर मध्यात टाकतो आणि वर्धा रोडवर वेग घेतला की ट्रेलर डोलायला लागतो. भरलेल्या ट्रेलरचं साधारण 10 ते 15 टक्के वजन गाडीच्या हुकवर यायला हवं, म्हणून एक्सल मध्यापासून थोडा मागे. रॉयल एनफिल्ड क्लासिक 350 भरते 195 किलो. अशा दोन बाइक आणि 200 किलोचा सांगाडा धरला तर एकूण 590. हुकवर किमान 60 किलो. एक्सल पक्का करण्याआधी बाइक चढव, ट्रेलर सपाट ठेव, हुकला जोडायच्या दांड्याच्या टोकाखाली वजनकाटा लाव आणि मोज.

बाइक साइड स्टँडवर बांधू नको. पुढचं चाक खोबणीत अडकव, पुढचं सस्पेन्शन थोडं दबेल इतका पट्टा ताण, मागूनही दोन पट्टे. सेफ्टी चेन दांड्याखाली फुलीसारख्या. ब्रेक लाइट, इंडिकेटर हवेतच. टायरची हवा मात्र सकाळी थंड असताना तपास, नागपुरात मे महिन्यात दुपारचा आकडा फसवतो.