ओट्याखालच्या दोन पिशव्या आणि उपाशी ठमी

प्रश्न : डॉक्टर ताई नमस्कार, आमची ठमी १५ वर्षांची आहे, पिल्लू असताना नारायण पेठेत आमच्या जुन्या वाड्याच्या जिन्याखाली सापडली तेव्हापासून घरातलीच. गेली दोन वर्षं आठवड्यातून दोनतीनदा उलटी करायची, आम्ही केसांचा गोळा असेल म्हणून सोडून द्यायचो, आता त्याचं फार वाईट वाटतं. यंदा एकदम वाळली, ४.२ किलोची ३.१ वर आली. रक्तात क्रिएटिनिन (किडनी नीट काम करत नसली की वाढतं ते) ३.४ निघालं म्हणून एका डॉक्टरांनी किडनीचं खाणं चालू करायला सांगितलं, ते ती हुंगते आणि निघून जाते. मग सोनोग्राफीत आतड्याची भिंत जाड दिसली, दुसरे डॉक्टर म्हणाले आयबीडी म्हणजे आतड्याची जुनी सूज असेल, त्यांनी पोटाचं हायड्रोलाइज्ड खाणं (प्रथिनं आधीच बारीक तोडलेलं) दिलं, ते दोन दिवस खाल्लं आणि सोडलं. आता दोन महागड्या पिशव्या ओट्याखाली पडून आहेत आणि ठमी उपाशी. सासूबाई गुपचूप सुके बोंबील भाजून देतात ते मात्र खाते. कधीकधी शी करायला बसते, बराच वेळ जोर करते आणि बाहेर येऊन लगेच ओकते. कोणाचं ऐकायचं? आणि खरं सांगा, आम्ही तिला उगाच छळतोय का? – एक वाचक, सहकारनगर

उत्तर : पत्र दोनदा वाचलं. दोन्ही डॉक्टर आपापल्या जागी बरोबर आहेत, पण ठमीला दोन्ही आजार एकाच वेळी आहेत आणि एकाचं पथ्य दुसऱ्याच्या आड येतंय. तेव्हा त्या पिशव्या सध्या ओट्याखालीच राहू देत. आधी ती खायला लागली पाहिजे, काहीही खाऊ दे. मांजर दोनतीन दिवस जवळजवळ उपाशी राहिलं तर अंगातली चरबी लिव्हरमध्ये जाऊन साठते आणि मग किडनी आणि पोट राहिलं बाजूला, लिव्हरचाच तिसरा आजार सुरू होतो. किडनीचं खाणं चांगलंच आहे, त्यात फॉस्फरस कमी असतो, ते खाणारी मांजरं जास्त जगतात हे मी स्वतः रोज बघते, पण ते पोटात गेलं तर ना.

आता ती का खात नाही ते बघा. ठमी ताटलीपाशी येते का, बसते, जिभेने ओठ चाटते, एकदोनदा घोट गिळल्यासारखं करते आणि तोंड फिरवते? लोक याला नखरे म्हणतात. नखरे नाहीत हो, मळमळ आहे ती. रक्तात युरिया वाढला की मळमळतं, आतडं सुजलं असलं तरी मळमळतं, आणि ठमीला दोन्ही आहे. मळमळत असताना एखादं खाणं पुढे केलं की मांजर त्या वासाचीच धास्ती घेतं, मग बरं वाटलं तरी ते खात नाही, तुमच्या दोन्ही पिशव्यांचं बहुतेक हेच झालंय. म्हणून डॉक्टरांना आधी मळमळीचं औषध मागा, मॅरोपिटंट किंवा ऑन्डॅन्सेट्रॉन, आणि भूक लागण्यासाठी मिर्टाझापिन देता येईल का विचारा. मिर्टाझापिनचा डोस किडनीच्या पेशंटला कमी द्यावा लागतो, त्यामुळे माणसांची गोळी मेडिकलमधून आणून अंदाजाने तुकडा करून देऊ नका, प्लीज. हे बसलं की आठदहा दिवसांनी, तिच्या आवडीच्या खाण्यात चमचाभर नवीन खाणं मिसळत तीनचार आठवड्यांत हळूहळू बदल करा.

नवीन म्हणजे कुठलं, तर मी पहिल्यांदा पोटाचं घेईन. आतड्याला खाणं सोसतंय की नाही हे साधारण दोन ते चार आठवड्यांत कळतं, उलट्या कमी झाल्या तर तेच चालू ठेवायचं आणि फॉस्फरस बाहेरून सांभाळायचा. फॉस्फरस बांधून ठेवणारी पावडर किंवा औषध मिळतं, ते जेवणातच कालवायचं, रिकाम्या पोटी दिलं तर काही उपयोग नाही कारण ते अन्नातला फॉस्फरस पकडतं. क्रिएटिनिन ३.४ म्हणजे किडनीच्या आजाराची तिसरी स्टेज (२.९ ते ५), तिथे फॉस्फरस ५ च्या खाली ठेवायचा असतो. तुमच्या पत्रात फॉस्फरसचा आकडा नाहीये, रिपोर्टमध्ये बघा, नसेल तर करून घ्या. आणि एक लक्षात ठेवा, क्रिएटिनिन स्नायूंमधून येतं, ठमीच्या अंगावर मांसच उरलं नाहीये त्यामुळे खरी परिस्थिती त्या ३.४ पेक्षा थोडी वाईट असू शकते.

सासूबाईंवर रागावू नका, त्यांच्यामुळे ती इतके दिवस तगली. फक्त सुके बोंबील बंद, त्यात काट्यांसकट फॉस्फरस फार. ओले बोंबील किंवा चिकन नुसत्या पाण्यात उकडून, मीठ कांदा लसूण काही न घालता, तेच कोमट पाणी थोडं वर ओतून द्या. पोटाच्या खाण्याची ट्रायल सुरू झाली की मात्र हेसुद्धा बंद करावं लागेल नाहीतर कशाने फरक पडला तेच कळणार नाही, आणि हे सासूबाईंना तुम्ही आधीच नीट समजावून सांगा, लपूनछपून चालू राहिलं तर महिना फुकट जातो.

चाचण्यांमध्ये बी १२ बघितलंय का? हे विटामिन छोट्या आतड्याच्या शेवटच्या भागात शोषलं जातं, जुन्या आतड्याच्या आजारात ते हमखास कमी पडतं आणि कमी पडलं की भूक जाते, वजन जातं, बाकी औषधंही नीट लागू पडत नाहीत. साधारण सहा आठवडे दर आठवड्याला एक इंजेक्शन, स्वस्त असतं, किडनीला काही अपाय नाही, आणि कित्येक मांजरं नुसत्या यानेच ताटलीकडे चालत आलेली मी बघितली आहेत. थायरॉइडही बघून घ्या, म्हाताऱ्या मांजराचं वजन उतरतं आणि उलट्या होतात त्यामागे तेही असू शकतं. बीपी पण मोजाच, १६० च्या वर राहिलं तर डोळ्याचा पडदा सुटून मांजर एका रात्रीत आंधळं होऊ शकतं, आणि बीपीची गोळी साधी असते.

जाड भिंत म्हणजे आयबीडी की हळू वाढणारा लिम्फोमा (एक प्रकारचा कॅन्सर) हे नुसत्या सोनोग्राफीवर सांगता येत नाही, त्याला बायोप्सी लागते, भूल लागते. १५ वर्षं, ३.१ किलो आणि ही किडनी, मी आत्ता ती भूल देणार नाही. खाणं आणि बी १२ देऊन फरक नाही पडला तर प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सुरू करता येतं, दोन्ही आजारांत त्याचा उपयोग होतो, शुगर आणि बीपीवर लक्ष ठेवायचं.

जोर करून झाल्यावर ओकते म्हणताय ना, ती बद्धकोष्ठता आहे. किडनी पाणी धरून ठेवत नाही, मग शरीर ते आतड्यातून ओढून घेतं आणि शी शेंगदाण्यासारखी कडक होते. शी मऊ करणारं लॅक्टुलोज डॉक्टरांना विचारून सुरू करा. माणसांसाठी मेडिकलमध्ये फॉस्फेटचा एनिमा मिळतो तो चुकूनही नको, मांजराचा जीव जातो त्याने.

आणि वजन. माणसांच्या काट्यावर तिला घेऊन उभं राहून वजाबाकी करू नका, त्यात शंभर-दोनशे ग्रॅमची चूक सहज होते. वाण्याकडच्यासारखा इलेक्ट्रॉनिक काटा किंवा बाळांचा काटा घ्या, वर टोपली ठेवा, दर रविवारी सकाळी. ३.१ किलोच्या मांजराचे १०० ग्रॅम म्हणजे साठ किलोच्या माणसाचे जवळजवळ दोन किलो. माझ्याकडे एक आजी येतात, त्यांच्या कालनिर्णयवर प्रत्येक तारखेच्या चौकोनात पेन्सिलने बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, उलटी झाली तर ‘उ’, शी झाली तर ‘शी’, नीट जेवली तर एक टिकली, रविवारी वजन. मला त्या कॅलेंडरचे फोटो मिळाले की लॅबच्या रिपोर्टच्या आधी मी ते बघते.

छळताय का विचारलंत, तर आत्ता नाही. मळमळीवर अजून औषधच दिलेलं नाही, बी १२ दिलेलं नाही, तोवर हा प्रश्न विचारायची वेळ आलेली नाही. हे सगळं करून महिनाभराने त्या चौकोनांत टिकल्यांपेक्षा रिकामे दिवस जास्त दिसायला लागले, ती खिडकीतली तिची जागा सोडून पलंगाखाली जाऊन बसायला लागली, अंग चाटायचं थांबली, तर मला परत लिहा, तेव्हा तिला इंजेक्शन देऊन कायमचं झोपवण्याबद्दल स्पष्ट बोलू आणि त्यात तुमचं काही चुकलं असं मी म्हणू देणार नाही.

प्रश्न : आमचा बोका १३ वर्षांचा, किडनीचाच आजार. डॉक्टर म्हणाले एक दिवसाआड १०० मिली सलाईन कातडीखाली घरीच द्या. दवाखान्यात दाखवलं तेव्हा सोपं वाटलं, घरी माझे हात थरथरतात, दोनदा सुई आरपार जाऊन सगळं पाणी सोफ्यावर. – एक वाचक, कोथरूड

उत्तर : आरपार सगळ्यांचीच जाते, माझीही गेली आहे. माझ्या मांजरीला मी दीड वर्ष घरी आरएल (रिंगर लॅक्टेट, सलाईनचाच एक प्रकार) दिलं, कसं ते सांगते. बाटली आधी दहा मिनिटं कोमट पाण्याच्या पातेल्यात, मनगटावर दोन थेंब टाकून बघायचे, बाळाच्या दुधासारखे. गार पाण्यानेच मांजर जास्त दचकतं, सुईने नाही. बाटली पडद्याच्या रॉडला टांगायची, जितकी उंच तितकं लवकर संपतं. बोका टेबलावर नको, तुमच्या मांडीजवळ टॉवेलवर, तोंड तुमच्यापासून लांब. दोन खांद्यांच्या मध्ये कातडी चिमटीत वर उचला, तंबूसारखी पोकळी होते, सुई त्या पोकळीच्या तोंडातून पाठीला समांतर आत, वरून खाली टोचू नका, तिथेच आरपार जाते. दर वेळी नवी सुई. बारीक सुई दयाळू वाटते पण पाणी जायला फार वेळ लागतो, १८ किंवा २० नंबरची विचारा. नंतर पाठीवर लिंबाएवढा फुगवटा येतो, कधी घसरून पायाशी जातो, काही तासांत जिरतो, घाबरू नका. फुगवटा दुसऱ्या दिवशीही तसाच असेल किंवा श्वास जोरात चालत असेल तर पुढचा डोस न देता डॉक्टरांना फोन करा, हृदय कमजोर असेल तर हे पाणी झेपत नाही. गणपतीच्या आधी पथकांचा सराव चालू असतो तेव्हा ढोल थांबल्यावरच करा.

प्रश्न : म्हाताऱ्या मांजरीला ताप वाटला, क्रोसिनचा छोटा तुकडा चालेल का? आणि ताकद यावी म्हणून दूध? – एक वाचक, हडपसर

उत्तर : क्रोसिन नाही. त्यातलं पॅरासिटामॉल मांजराला विष आहे, छोटा तुकडासुद्धा, दिला असेल तर हे वाचणं सोडून आत्ता दवाखान्यात जा. दुधाने बहुतेक मोठ्या मांजरांना जुलाब होतात आणि आहे ते पाणीही निघून जातं, त्यापेक्षा घरात तीनचार ठिकाणी पसरट वाडगे भरून ठेवा, खाण्याच्या ताटलीपासून जरा लांब.