येझदी रोडकिंगचे ओरिजिनल पार्ट मिळत नाहीत, कोल्हापुरात पर्यायी पार्ट कसे शोधायचे?

तुम्ही लिहिलंय की गाडी वडिलांची, 1988 ची रोडकिंग, कित्येक वर्षं उभी होती. मेस्त्रीने इंजिन खोललं आणि "ह्याचं आता काय मिळत नाही, देऊन टाका कुणाला तरी" म्हणून हात झटकले. देऊ नका. राजारामपुरीत राहता, म्हणजे उद्यमनगर, लेथ-वर्कशॉपचा भाग, जवळच आहे. एवढी सोय पुण्या-मुंबईवाल्यालासुद्धा नसते.

आधी एक गैरसमज काढून टाकतो. मैसूरचा कारखाना 1996 ला बंद पडला. 2022 मध्ये येझदी नाव परत आलं, पण त्या गाड्या 334 सीसीच्या, फोर-स्ट्रोक, लिक्विड कूल्ड. तुमची अडीचशेची टू-स्ट्रोक. नाव सोडलं तर दोघींचा काही संबंध नाही, त्यामुळे नवीन शोरूममध्ये चकरा मारू नका.

आता मुद्द्याचं. पार्ट गाडीच्या नावाने मागायचा नाही, मापाने मागायचा. "रोडकिंगचं बेअरिंग आहे काय?" म्हटलं की काउंटरवरचा पोरगा मान हलवणार. जुनं बेअरिंग रॉकेलने धुऊन त्याच्या कडेवरचा नंबर वाचा. समजा 6204 दिसला, तर आतला व्यास 20, बाहेरचा 47 आणि जाडी 14 मिलिमीटर. हे माप जगभर तेच, मग ते पंपात बसो, मोटारीत बसो नाहीतर मोटरसायकलमध्ये. अशा वेळी ऑटो पार्टपेक्षा बेअरिंगचं दुकान बरं. फक्त क्रँकसाठी (पिस्टनच्या जोराने फिरणारा इंजिनातला मुख्य दांडा) घेताना नंबरापुढे सी3 लिहिलंय का ते बघा. त्यात गॅप थोडी जास्त ठेवलेली असते, गरम झाल्यावर बेअरिंग आवळत नाही. क्रँकला पत्र्याचं किंवा रबराचं झाकण असलेलं बेअरिंगही नको. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलबरोबर येणारं ऑइलच त्याला वंगण देतं, ते आत पोचायला पाहिजे.

ऑइल सीलचंही तसंच. आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी, तिन्ही आकडे सीलवरच छापलेले असतात. क्रँकच्या सीलला मात्र चार पैसे जास्त गेले तरी चालतील, चांगल्यातलं घ्या. ते हवा ओढायला लागलं की मिश्रणात हवा जास्त आणि पेट्रोल कमी होतं, इंजिन तापतं, आणि नवा पिस्टन पुन्हा जाम. गिअर ऑइल आत जायला लागलं की मागे पांढऱ्या धुराची मिरवणूक.

पिस्टन ही खरी डोकेदुखी. "65 चाच आहे की, बसतोय" म्हणून दुसऱ्या कुठल्यातरी गाडीचा पिस्टन गळ्यात मारणारे भेटतील. नुसता व्यास जुळून भागत नाही. पिस्टन पिनची जाडी, पिनच्या मध्यापासून माथ्यापर्यंतची उंची, खालच्या स्कर्टची लांबी आणि कट, हे सगळं जुळलं पाहिजे, कारण टू-स्ट्रोकमध्ये पोर्ट, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीतली भोकं, उघडायचं-झाकायचं काम पिस्टनच करतो. शिवाय रिंगच्या खाचेत बारीक पिन असते, रिंगचं टोक पोर्टमध्ये अडकू नये म्हणून. ती चुकीच्या जागी आली तर रिंग तुटून सिलिंडर ओरबाडलाच म्हणून समजा. जावा-येझदीचे ओव्हरसाइज पिस्टन बाजारात फिरत असतात, तेच शोधा. आणि क्रम उलटा करू नका: आधी पिस्टन हातात, मग बोअरिंग, म्हणजे सिलिंडर आतून कापून मोठा करणं. बोअर करणारा पिस्टन मापूनच गॅप ठेवतो.

गॅस्केट पेपर कापून घरीसुद्धा होतं. पण सिलिंडरच्या खालचं गॅस्केट जुन्याच जाडीचं घ्या, नाहीतर पोर्टचं टायमिंग हलतं. केबल नमुना देऊन बनवून मिळते. बल्ब-बॅटरी घेण्याआधी गाडी 6 व्होल्टची आहे की कुणी 12 करून ठेवलीय ते तपासा.

जे कुठेच मिळत नाही त्याच्यासाठी लेथवाला. बुश, स्पेसर, पिना, झिजलेला शाफ्ट. चांगला टर्नर ओळखायची खूण सांगतो. तो तुमचा झिजलेला बुश घेऊन लगेच मशिनला लागत नाही. अंगठ्याने तेल पुसतो, व्हर्निअर दोन-तीन जागी फिरवतो, आणि विचारतो, "ह्यात जाणारा शाफ्ट कुठाय?" झिजलेल्या नमुन्याचं माप झिजलेलंच येणार, हे त्याला माहीत असतं. म्हणून जोडीचे दोन्ही पार्ट घेऊन जा. दुसरा प्रश्न मटेरियलचा: बुशला गनमेटल, शाफ्टला ईएन8 (मध्यम कार्बनचं मजबूत पोलाद) किंवा त्याहून वरचं. "एमएसमध्ये करून देतो, स्वस्तात", म्हणजे साध्या मऊ लोखंडात, म्हटला तर नमस्कार करून निघा. चाकाचा अ‍ॅक्सल आणि ब्रेकचे पार्ट मी तरी लेथवर करून घेणार नाही. तिथे जुनाच पण सरळ, चीर नसलेला पार्ट बरा. ब्रेक शूला मात्र नवं लायनर बसवून मिळतं, ते बिनधास्त करा.

किक आणि गिअरचा लिव्हर एकच असतो, त्याचे दाते गेले असतील तर बाहेर विचारायला लागेल. जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदीवाले जागोजागी जमतात. तिथे ओळख झाली की कुणाच्या तरी माळ्यावर पोत्यात पडलेला लिव्हर निघतोच.

इंजिनचं केसिंग फुटलं असेल तर भंगारातलं दुसरं उचलायची घाई नको. इंजिन नंबर केसिंगवर असतो आणि आरसी बुकात तोच लागतो. बदलला तर आरटीओत नोंद करावी लागते, आणि एवढ्या जुन्या गाडीचं रजिस्ट्रेशन रिन्यू करताना नेमका तोच बघतात. आधी अर्गॉन वेल्डिंगवाल्याला दाखवा, आणि नंबराच्या जागेवर ग्राइंडर फिरवू नको म्हणून समोर उभं राहून सांगा.